घंटा थांबली तेव्हा

माझा नवरा पेरिग काल्लाक गावचा सुतार आणि पक्का हट्टी. दोन वर्षांपासून त्याचे कान गेले होते, पण कबूल करेल तर शपथ! चार हाका मारल्या की म्हणायचा, "विचारात होतो." सोबत्यांना कळलं तर ते शिकारीला नेणार नाहीत, ही त्याची धास्ती. माझ्यापासूनही लपवायचा, जसं काही मी आंधळीच.

त्याची कुत्री ब्रुग आमच्या फ्रान्समधल्या ब्रेतान्य प्रांतातल्याच जातीची, नारिंगी-पांढरी, बुटकी, आखूड शेपटीची. झाडीत ती दिसत नाही, म्हणून गळ्यात घंटा. घंटा वाजतेय तोवर ती पक्षी हुंगतेय. थांबली की समजायचं, पक्ष्यासमोर खिळून उभी आहे. मालक येईपर्यंत तिने जागचं हलायचं नाही.

नोव्हेंबरमधल्या शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेत घंटा थांबली. पेरिग मात्र भलत्याच दिशेने चालत राहिला. मी बाकीच्या बघ्यांबरोबर कडेने पाहत होते. जरा वेळाने घंटा पुन्हा वाजली आणि ब्रुग झाडीतून धावत आली. पेरिगच्या गुडघ्याला तिने नाकाने ढोसलं आणि मागे बघत बघत परत निघाली.

"गेली कामातून!" फांश खाटीक खिदळला. "अरे, ही कुत्री की पोस्टमन?"

"जागा सोडली. बाद," परीक्षक हाताने खूण करत म्हणाले.

पेरिगला ती खूण कळली. गप्प बसला असता तर त्याचं गुपित राहिलं असतं; बदनामी फक्त ब्रुगची झाली असती. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"ती चुकली नाही!" तो नको इतक्या मोठ्याने म्हणाला. "मी बहिरा झालोय. मला घंटा ऐकू येत नाही, म्हणून ती बोलवायला आली. शिकवलं नाही कुणी तिला."

कुणी हसलं नाही. तो तिच्यामागे गेला, आम्ही त्याच्यामागे. काटेरी झुडपापाशी ती पुन्हा पुढचा पाय उचलून खिळून उभी होती, आणि पक्षी अजून तिथेच! पेरिग पोहोचल्यावरच तो भुर्रकन उडाला.

परीक्षकांनी मानाने टोपी काढली, पण निकाल काही बदलला नाही. न बदलो. माझा ऊर अभिमानाने भरून आला होता, कुत्रीसाठी आणि त्या हट्ट्यासाठीही.

संध्याकाळी सफरचंदाचं सायडर पिताना फांश त्याच्या शेजारी येऊन बसला. "रविवारच्या शिकारीत माझ्या शेजारून चाल, मी लक्ष ठेवीन," तो ओरडून म्हणाला. मग हळूच, "आणि हिचं एखादं पिल्लू मला देशील?"

पेरिगने ब्रुगच्या डोक्यावर हात ठेवला, दुसरा कानामागे धरला.

"मोठ्याने बोल की रे," तो म्हणाला, "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."