डोहाळजेवणातून थेट ऑपरेशन थिएटरात

मैत्रिणींनो, आज खूप आनंद झालाय! मी कवठे येमाई गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई. आज सकाळी शेजारच्या सोनालीचं (नाव बदललंय) डोहाळजेवण होतं. आठवा महिना, हिरवी साडी, फुलांचे दागिने. ओवाळायला गेले तर चेहरा सुजलेला. हळूच म्हणाली, "ताई, डोकं लई दुखतंय, आन् डोळ्यापुढं काजवे चमकत्यात."

बीपीचं मशीन पिशवीतच होतं. तिथंच पाटावर मोजलं. एकशे सत्तर बाय एकशे दहा! गरोदरपणात एवढं बीपी म्हणजे मोठा धोका.

"झटके येऊ शकतात. आत्ताच्या आत्ता शिरूरच्या दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हणाले.

तिच्या सासूबाई म्हणाल्या, "आगं, ओटी तरी भरू दे. पावणी बसल्यात."

तेवढ्यात तिचे सासरे, आप्पा, उठले. "ओटी मागनं भरू. गाडी काढा!"

निघतानाच मी दवाखान्यात फोन केला. पोचताच फुलांच्या दागिन्यांसकट तिला स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टरांनी झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, बीपी खाली आणलं आणि दुपारी सिझर केलं.

मुलगी झाली! पावणेदोन किलोची, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण काय जोरात रडली! सोनालीचं बीपी उतरतंय, अजून काही दिवस लक्ष ठेवणार आहेत.

सासूबाई माझा हात सोडेनात. "मला वाटलं, उन्हानं डोकं दुखत आसंल," एवढंच म्हणत राहिल्या.

आपणही असंच म्हणतो ना? तुमच्या घरात, शेजारी कुणी गरोदर असेल, तर तिचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं? आत्ताच तिला विचारता का?