कपाटाला मारलेला फ्लिप टर्न

मी पोहायला शिकलो नेवाशाला, प्रवरेत. आणि नदीला भिंत नसल्यामुळे वळायचं कसं हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

गरजही पडली नव्हती. सावेडीतल्या पोहण्याच्या टँकवर मी सकाळच्या बॅचला जायचो. भिंत आली की दांडीला धरून दम खायचा, चार गप्पा मारायच्या आणि परत फिरायचं. पण आमची ही, सुधा, मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. दोन महिन्यांत येते म्हणाली. दोनाचे पाच झाले. (तिकडे नातू बाळसं धरत होता आणि इकडे मी वाळत होतो!) तेव्हापासून भिंतीशी थांबणं ही शिक्षाच झाली.

"काय साहेब, वहिनी कधी येणार?"

"येईल की पुढच्या आठवड्यात!"

हे मी दर फेरीला सांगत होतो. एका सकाळी बारा वेळा सांगितलं, आणि बाराव्या वेळी माझाच माझ्यावर विश्वास बसेना. मग घरी यायचं, एक कप चहा करून गॅसपाशी उभ्यानंच प्यायचा आणि सुधाला फोनवर म्हणायचं, "छे गं, मी मजेत आहे! तू सावकाश ये." खरं तर घर खायला उठायचं. संध्याकाळी बातम्या लावायचो, त्याही ऐकण्यासाठी नाही; कुणीतरी बोलतंय एवढंच पुरे व्हायचं.

भिंतीशी न थांबणारा एकच माणूस टँकवर होता, ते म्हणजे मिरजगावचे आमचे कोच. भिंत जवळ आली की पाण्यातच कोलांटी, दोन्ही पायांनी भिंतीला रेटा, आणि कुणी तोंड उघडायच्या आत गडी निम्म्या टँकात! याला फ्लिप टर्न म्हणतात. मी ठरवलं, आपल्याला हेच हवंय.

"काका, सोपं हाय," कोच म्हणाले. "हनुवटी छातीला लावा अन् नाकानं हवा सोडत ऱ्हावा. न्हाईतर निम्मा टँक नाकात जाईल!"

गेला. पहिल्या कोलांटीत मला भिंतच सापडली नाही. दुसऱ्या वेळी सापडली, ती टाचेला. तिसऱ्या वेळी मी अस्सा सुटलो की थेट शेजारच्या लेनमधल्या वकीलसाहेबांच्या पोटात डोकं! बिचारे दांडीला धरून धापा टाकत होते. जरा दम खाल्ल्यावर म्हणाले, "बाकी... वहिनी कधी येणार?"

"लई घाई करताय तुमी," कोच वैतागले. "आधी घरी गादीवर कोलांट्या मारा."

त्याच दुपारी मी गादी जमिनीवर ओढली. भिंतीच्या जागी लोखंडी कपाट धरलं. डोक्याला टोपी, डोळ्यांवर गॉगल (वातावरणनिर्मिती नको?), आणि हनुवटी छातीला लावून मारली कोलांटी. या वेळी सगळं बरोबर जमलं. दोन्ही पाय कपाटावर एकदम बसले! कपाटाच्या डोक्यावर सुधानं रचलेले फराळाचे अकरा डबे, एक परात आणि चकलीचा सोऱ्या एकामागोमाग खाली आले. मी पलंग आणि कपाटाच्या मध्ये आडवा, कमरेत उसण, आणि पोटावर परात.

खालच्या मजल्यावरच्या शेखभाभींकडे आमची किल्ली असते. त्या धावत वर आल्या, मला पाहून दारातच थबकल्या आणि त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला.

"वहिनी, भाऊ पडलेत! बोलतायत तसे... पण घरात पोहायचा चष्मा घालून बसलेत. मला तर काही समजेना!"

चार तासांत सुधा दारात. हातात पिशवी, चेहरा पांढराफटक.

"अहो, कुठं लागलं?"

"कुठं नाही. टर्न शिकत होतो."

"घरात?"

"भिंतीशी थांबावं लागू नये म्हणून."

"थांबलं तर काय होतं?"

"लोक विचारतात, वहिनी कधी येणार."

ती खाली बसली आणि डब्यांची झाकणं जुळवायला लागली. मग म्हणाली, "मग तुम्ही का नाही विचारलंत मला?"

आता बोलायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. मी म्हणालो, "ही टोपी जरा घट्टच होते मला."

सुधा आठ दिवस राहिली. आठही दिवस मी बसून चहा प्यायलो. जाताना तिनं सगळे डबे स्वयंपाकघरात खाली लावून ठेवले, पुन्हा अंगावर नकोत म्हणून.

टँकवर माझा टर्न आता इतका सुधारलाय की कोच नव्या लोकांना तो दाखवतात. परवा सुधाचा फोन आला. "बाळाला दात येतायत हो. अजून महिनाभर राहू का?"

"रहा की! मी अगदी मजेत आहे!" मी म्हणालो, फोन ठेवला, आणि स्टूल घेऊन अकराही डबे परत कपाटावर रचायला लागलो.