नानांची पहिली कुदळ

शिबिरातली पोरं भेटली की चहाआधी किस्से सुरू होतात. पूर ओसरला, घरं उभी राहिली, किस्से मात्र अजून वाढूनच राहिले! मी कॉलेज सोडलेला. घरचे म्हणाले, "निदान समाजसेवा तरी कर." बसलो एसटीत, गेलो भिवापूरकडच्या एका पूरग्रस्त गावात, श्रमदानाच्या शिबिराला.

*

शिबिरप्रमुख नाना, नागपूरच्या धंतोलीतले रिटायर्ड हेडमास्तर. पहिल्याच दिवशी श्रमदानावर दोन तास भाषण! आम्ही उन्हात, ते छत्रीखाली.

नाल्याकाठच्या बौद्धवस्तीतली देवकामाय शेवटी उठली. "गुरुजी, तोंडानं भिंती होत असत्या, तं आमच्या पाटलानं किल्ला बांधला असता गा!"

*

देवकामायचं घर पुरात गेलेलं. तिचं एकच म्हणणं, "मले आता वर टेकाडावर घर पायजे. नाला पुन्हा येईन."

टेकाड गावाचंच, रिकामं पडलेलं. पण पाटील म्हणाला, "पहिल्यापासून जिथं होतं, तिथंच राहू द्या." नानांनी मान डोलावली, "वाद नको." म्हातारी बुडाली तरी चालेल, पण वाद नको!

*

चार दिवस राबून आम्ही शाळेची एक भिंत उभी केली. नाना खूश. "हीच तरुणांची शक्ती!" म्हणत त्यांनी भिंतीवर थाप मारली.

भिंत आडवी!

देवकामाय म्हणाली, "शक्ती तं तुमच्यातच हाये, गुरुजी!"

*

शहरातून कपड्यांचे गठ्ठे आले. सगळ्यात चांगला कोट पाटलानं उचलला. मी विचारलं, "तुमच्या घरात पाणी कुठं शिरलं होतं?"

"पाणी नाही शिरलं. भीती तं शिरली ना!"

*

मग देवकामायच्या घराचा मुहूर्त. पाटलानं आदल्या दिवशीच बजावलं, "एकदा पहिली कुदळ पडली की घराची जागा बदलत नसते. आपल्या गावाची रीत हाये." नाल्याकाठी चुन्यानं खूण केली.

सकाळी नाना आले. पांढरंशुभ्र धोतर, सोबत नागपूरचा फोटोग्राफर. पाहतात तर खुणेच्या जागी घोटाभर चिखल! आठ दिवसांत पावसाचा थेंब नव्हता.

नाना काठावरच थबकले. देवकामायनं हात जोडले. "गुरुजी, धोतर खराब होईन. वर टेकाडावर कोरडं हाये. फोटो बी चांगला येईन."

नाना तरातरा वर चढले अन् हाणली कुदळ! फोटो निघाला, टाळ्या पडल्या. पाटील खाली चुन्याच्या खुणेपाशीच उभा.

माती कालवायला म्हणून मी पाण्याच्या ड्रमांकडे गेलो. आदल्या संध्याकाळी आम्हीच चारही काठोकाठ भरले होते. चारही ठणठणीत कोरडे!

मी देवकामायकडे पाहिलं. ती टेकाडावर खुंट्या ठोकत होती.

"काय पाहून राहिला, बापू? ऊन लय हाये. आटलं असंन."