डिकीतलं पेट्रोल

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी डेपोतल्या एकाच पंपावर डिझेल भरण्यात गेली, त्यामुळे रिटायर झाल्यावर जुनी पेट्रोलची गाडी घेतली तरी डोक्यातला डेपो काही सुटला नाही. बीडमधला एक पंप त्यांनी धरला तो धरलाच. दोन कंपन्यांचं पेट्रोल एका टाकीत आलं की इंजिन बसतं, असं छातीठोकपणे सांगायचे. आणि आण्णांनी सांगितलं की आमच्या घरात विषय संपला. मी एकटीच काय ती तोंड चालवायची. उपयोग शून्य.

त्या दिवशी बीडला माझी कागदपत्रांची तपासणी होती. सरकारी दवाखान्यात नर्सची जागा. परीक्षा पास झाले होते, नावही लागलं होतं. पाच वाजायच्या आत मूळ कागद दाखवले तर नोकरी, नाही तर माझ्या खालच्या नंबरच्या पोरीला जागा. तपासणीचा तो शेवटचाच दिवस; आधी जाता आलं नाही, कारण एक दाखला आमच्या पाटोद्याच्या कचेरीतून त्याच दुपारी हातात पडला. तो फाईलमध्ये घातला आणि आण्णांच्या गाडीतून तसेच निघालो.

मांजरसुंब्याच्या अलीकडे एक पंप दिसला आणि माझी नजर काट्यावर गेली. काटा पार तळाला.

“आण्णा, भरून घ्या.”

“ह्यो आपल्या कंपनीचा न्हाई.”

“नसू द्या! पेट्रोलच हाय ना ते, का ताक हाय?”

त्यांनी गाडी आत घेतली. म्हटलं, ऐकलं बाई एकदाचं. कसलं काय! खाली उतरले, डिकीतून प्लॅस्टिकचा डबा काढला, त्यात पेट्रोल घेतलं, बूच आवळलं आणि डबा परत डिकीत.

“हे काय करायलात आण्णा?”

“टाकीतलं पहिलं संपू दे. कोरडी झाली की हे वततो. मिसळायचं काम न्हाई.”

“आवो, पाच वाजता दार बंद होतंय तिथं!”

“मी जल्मभर स्टेरिंग धरलंय. तू मला शिकवू नको.”

माझं डोकं फिरलं. डिकीत पेट्रोल आणि टाकीत खडखडाट, असला कारभार अख्ख्या जिल्ह्यात फक्त आमच्याच घरी. सगळ्या गाडीभर पेट्रोलचा वास सुटला होता आणि मी फाईल छातीशी धरून नुसती घड्याळ बघत होते.

घाटात गाडीनं पहिला हिसका दिला. “आलं संपत,” आण्णा म्हणाले, जणू गाव जवळ आलंय. दुसऱ्या हिसक्याला इंजिन बंद. त्यांनी गाडी कडेला घेतली, निवांत डबा काढला, पेट्रोल ओतलं आणि चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, परत येऊन चावी फिरवली. आता त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

“व्हतंय चालू. जरा दम धर.”

“कशाला दम धरू? तुमच्या हट्टापायी माझी नोकरी चाललीय!” मी भर रस्त्यात ओरडले. बापावर तसा आवाज मी कधी चढवला नव्हता. रडूही फुटलं.

मग मी हात करून एक कांद्याचा टेम्पो थांबवला आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले. आरशात दिसत होतं, आण्णा रिकामा डबा हातात धरून तसेच उभे होते.

बीडमध्ये टेम्पोतून उतरून पळत गेले. खोलीला कुलूप लावत असलेला साहेब म्हणाला, “वेळ संपली ताई. वर कळवून झालं.” मी हात जोडले, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. जागा गेली ती गेलीच.

गाडी टोचन करून बीडला आणावी लागली. मेकॅनिकनं टाकी उतरवली. “काका, टाकीतला पंप पेट्रोलात बुडालेला असला तरच गार ऱ्हातो. तुमी कायम तळापतूर पळवत असणार, जळाला. मिसळल्यानं काय व्हत न्हाई.” आण्णांनी खिशातून पैसे काढून त्याच्या हातात मोजले. पुढे कितीतरी दिवस आमच्यात “जेवायला चला” एवढंच बोलणं होतं.

पुढच्या भरतीच्या परीक्षेला त्यांनीच गाडी काढली. टाकी अर्धी भरलेली होती, तरी पाटोदा सोडल्यावर पहिल्याच पंपावर वळले. “फुल्ल कर.” मांजरसुंब्याजवळ तो दुसऱ्या कंपनीचा पंप आला. तिथंही वळले. पंपावरचा माणूस म्हणाला, “काका, भरलेलीच हाय की! सांडंल.”

“सांडू दे. टाक.”

दोन्ही पेट्रोलं एकाच टाकीत घेऊन आम्ही घाटाला लागलो. ती जागा आली, जिथं टेम्पो थांबवला होता. इंजिन जरासुद्धा अडखळलं नाही. आण्णांनी बाहीनं डोळे पुसले, आणि मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले.