भरलेल्या शेल्समधली कोलंबी

क्लायंटच्या घरी मेनूची चव बघणं चालू असताना माझं लक्ष कागदी प्लेटकडे गेलं. पालक-चीज भरलेल्या पास्त्यातून एक गुलाबी, वाकडा तुकडा डोकावत होता. कोलंबी. पनवेलमध्ये वाढलेल्या बाईला ती ओळखायला वेळ लागत नाही.

समोर फ्लोरामावशींच्या तोंडात घास होता.

मी नवीन पनवेलला केटरिंग करते. सॅम्युअलकाका आणि फ्लोरामावशी माझे जुने क्लायंट, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्याकडे मटण आणि चीज एका जेवणात येत नाही, आणि मासा खवल्यांचाच लागतो. कोलंबी अजिबात चालत नाही. त्यांची मुलगी बऱ्याच वर्षांनी इस्रायलहून येणार होती. नातीला स्टफ्ड शेल्स आवडतात, म्हणून मेनूत तेच ठरलं.

शेल्स म्हणजे शिंपल्याच्या आकाराचा पास्ता. जंबो साइजचा असला की उकडून आत सारण भरता येतं. आदल्या दिवशी भरून ठेवायचं, वेळेवर सॉस घालून बेक करायचं. पाहुणे जास्त असले की फार सोयीचं. अडचण एवढीच की तो मिळेना. कामोठ्यापासून वाशीपर्यंत दुकानं पालथी घातली. सगळीकडे बोटाच्या पेराएवढे. शेवटी एक सप्लायर म्हणाला की सुके नाहीत, पण फ्रोझन आहेत, पालक-चीज भरलेलेच. बॉक्सवर हिरवा ठिपका होता. सॅम्पल गरम करून मी चवही घेतली. लसणाच्या वासापुढे शंका आली नाही.

“मावशी, गिळू नका,” मी म्हणाले.

त्या उठून बेसिनकडे गेल्या. काकांनी तो तुकडा चमच्याने उलटून पाहिला. तिथूनच सप्लायरला फोन लावला, स्पीकरवर. वाटलं, ऐकून हादरेल. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, पालकाचे आणि कोलंबीचे, दोन्ही एकाच मशीनवर भरतात. येतो एखादा तुकडा. सॉस टाकल्यावर कोणाला कळतं?”

कोलंबीपेक्षा या वाक्याने मी जास्त हबकले. त्याला माहीत होतं. हिरवा ठिपका बघून किती शाकाहारी घरांत हे बॉक्स गेले असतील! मी फोन ठेवला आणि काकांना सांगितलं, ऑर्डर रद्द करायची तर करा.

मावशी तोंड पुसत बाहेर आल्या. “रद्द कशाला? तू इथे ये. आमच्या भांड्यांत कर, माझ्यासमोर.”

तसंच केलं. शेल्स शेवटपर्यंत मिळाले नाहीत. लझान्याच्या सुक्या पट्ट्या उकडल्या, पालक-पनीर भरून गुंडाळ्या केल्या, सॉस घालून बेक केल्या. हे शेल्स नाहीत म्हणून नातीने आधी तोंड वाकडं केलं. मग पुन्हा वाढून घेतलं.

बॉक्सचे फोटो काढून अन्न खात्याकडे तक्रार केली. चौकशी चालू आहे म्हणतात. मी मात्र आता भरलेलं काहीच विकत घेत नाही. आत काय आहे हे भरणाऱ्यालाच माहीत असतं, आणि तो विचारल्याशिवाय सांगत नाही.