ताटावरचा आडवा हात

हिवाळ्यात मानेसरची बस धुक्यात शिरली की आपण कुठेच चाललेलो नाही असं वाटतं. माझी उरलेली झोप तिथेच होते. उतरल्यावर डुकरांचा उबदार, आंबूस वास येतो आणि जग पुन्हा सुरू होतं.

आमच्या प्रयोगशाळेत साधी, शेतावरची डुकरं आहेत. त्यांचं पोट, काळीज, स्वादुपिंड बरंचसं माणसासारखं. त्यांना तेला-साखरेचं खाणं घालून लठ्ठ करायचं आणि रक्तातली साखर कशी चढते ते पाहायचं, हे माझं काम. ऐकून लोक नाकं मुरडतात, मुरडोत बापडे. मला ती झोपलेली फार आवडतात. झोपेत पाय हलवतात, ओठ चाटतात. कुठल्या रानात हुंदडत असतील कोण जाणे.

त्यातली एक डुकरीण पोट भरलं की घमेल्यावर नाकाड आडवं धरायची. मग आम्ही वरून काकवी ओतायचो, आणि ती बिचारी पुन्हा खायला लागायची.

घरी, दिल्लीत आर. के. पुरमला, बाबांच्या पायाची जखम भरत नव्हती. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी घाबरून गेले होते. आईही घाबरली होती, पण तिच्या माहेरी आग्रह म्हणजे प्रेम. जेवणारा हात आडवा धरतो तो रीत म्हणून, आणि वाढणारा त्यातूनही वाढतो.

संक्रांतीला गुळपोळी होती. एक खाऊन बाबांनी ताटावर हात धरला.

"एकच अजून, माझी शपथ," आई म्हणाली. "सणाला नाही म्हणायचं नाही, बिल्कुल नाही!"

माझ्या डोळ्यांपुढे ते नाकाड आलं. मी डुकरिणीची गोष्ट सांगून टाकली, काकवीसकट.

"म्हणजे मी यांना डुक्कर करतेय?" आई भडकली.

"नाही गं. डुकरांना आम्ही ठरवून आजारी पाडतो."

आईच्या हातातली पोळी तशीच राहिली. तूप तिच्या बोटांवरून ओघळत होतं. मग तिने ती परत डब्यात ठेवली.

"अहो, खरंच नको?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"नको. केव्हापासून नको होतं."

"मग सांगायचं नाही का?"

बाबांनी ताटाकडे पाहिलं. "हात धरत होतो की गं," ते म्हणाले.