सगळ्यांचं डोकं, माझा अंगठा

गोळ्यांची डबी तिच्या हातात, माझा हात डबीवर. दोघींपैकी कुणी सोडेना.

"नाइन," ती म्हणाली. "परवाच एक नेलीत. आज नाही."

"परवाची संपली."

"म्हणूनच नाही."

मग तिने डबी ओढून घेतली आणि मागच्या खणात टाकली. खण लावला. माझ्या मागे उभा असलेला म्हातारा उगाच खोकला. मी पिशवी उचलली आणि निघाले. जाताना आउफ वीडरझेन, म्हणजे येते, म्हणाले नाही. इथे तेवढं केलं तरी माणसाला कळतं.

ही गोष्ट जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखची. गाव लहान, पण मोठाल्या कंपन्यांची ऑफिसं इथे आहेत, म्हणून पुण्याकडची पोरंपोरी भरपूर. त्यांना दुपारी पोळीभाजी लागते. ती मेघना पुरवते. मेघना पुण्याचीच, आधी कॉम्प्युटरच्या कंपनीत होती, ते सोडून तिने छोटं किचन काढलं. पुढे काउंटरवर ती, मागे पोळ्यांवर मी. आमचे हे तंदूरवरचे आचारी म्हणून जर्मनीत आले, मागून मी आले. ते गेले, मी राहिले. शाळा चौथीपर्यंत. जर्मन शिकले ती किचनात, त्यामुळे भांडायला पुरते.

पोळी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गोळा थोडा लाटायचा, तेल लावायचं, पीठ भुरभुरायचं, घडी घालायची आणि परत लाटायची. मग तव्यावर ती फुगते, आतून पापुद्रे सुटतात. लाटताना जोर तळव्याचा असतो, पण पोळी फिरते ती अंगठ्यामुळे. जन्मभर फिरवली. आता त्या अंगठ्याच्या मुळाशी हाडावर हाड घासतं. सकाळी चहाचा कप धरवत नाही. गुडघे पण दुखतात, पण ते मी धरत नाही. गुडघे सगळ्यांचेच दुखतात.

गोळी घेतली की दोन-तीन तास हात चालतो. एवढंच माझं गणित.

आता इथली पद्धत. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला सांगितलं की तो पट्टी कापून देतो, वर विचारतो, अजून काय देऊ. इथे दुखण्याची गोळी वाणसामानाच्या दुकानात मिळतच नाही. अपोथेके म्हणजे औषधांचं दुकान, फक्त तिथे. डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर लहान डबी. दुसरी मागितली तर पलीकडची बाई विचारते, कुणाला, कशासाठी, किती दिवस. आणि तिला पटलं नाही तर देत नाही. आमच्या जवळच्या अपोथेकेतली ती बाई म्हणजे फ्राउ लिंडनर. चष्मा दोरीला, केस आखूड, चेहऱ्यावर हसू नाही.

शनिवारी डोहाळजेवण होतं. पुरणपोळीची ऑर्डर. पुरणाची पोळी लाटायला साध्या पोळीपेक्षा जास्त सांभाळावं लागतं, जोर चुकला की फाटते. घरी गोळी एक नाही. आणि मेघनाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर तिने मला उचलून काउंटरवर बसवलं असतं आणि मागे मशीन आणलं असतं. तिचं ते चाललंच होतं.

"काकू, एक मशीन बघितलंय मी. गोळा टाकला की पोळी बाहेर."

"पापुद्रा सुटतो का?"

"तसा सुटत नाही, पण..."

"मग पापड म्हणून विक."

तर हे असं. पोळपाट सुटला की मी पोस्टाची वाट बघणारी म्हातारी. ते मला व्हायचं नव्हतं.

अपोथेकेतून आले ती तोंड पाडूनच आले असणार. निखिल डबा न्यायला आला होता. निखिल म्हणजे नाशिकचा पोरगा, इथे बेअरिंगचं काहीतरी डिझाइन करतो, दोन पोळ्या जास्त मागतो. मेघना फोनवर होती. त्याने विचारलं, "काकू, काय झालं?" मी सांगितलं.

"एवढंच ना? मी आणतो. कुठली?"

मी पिशवीतून रिकामी डबी काढून दाखवली. त्याने माझ्या हातातच तिचा फोटो काढला. मला वाटलं, त्याच्यापुरता काढला. त्या शहाण्याने तो डबा नेणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, काकूंसाठी, प्रत्येकी एकच, मेघनाताईला कळू देऊ नका. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जो येई तो डबा घेताना हळूच एक डबी काउंटरवरून माझ्याकडे सरकवी. कुणी रुमालात गुंडाळून, कुणी मोज्यात. एका पोरीने तर लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून आणली. मेघनाला वाटलं, पोरं गुणी झाली, बरण्या परत करायला लागली. मी सगळ्या डब्या चकलीच्या डब्यात भरल्या आणि डबा तांदळाच्या पोत्यामागे ठेवला. आपली माणसं अशी. पैसे दे म्हटलं तर विचार करतील, पण औषध आणायला धावतील.

दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी फ्राउ लिंडनर किचनात आली. पांढरा कोट घालूनच आली. काउंटरवर पोरांची रांग होती, ती रांग सोडून सरळ पुढे.

"मालक कोण?"

"मी," मेघना म्हणाली.

"तुमच्या जेवणात काय घालता?"

मेघनाचा रंग उतरला. "म्हणजे?"

"दोन-तीन दिवसांपासून माझ्याकडे माणसं येतायत. सगळ्यांच्या हातात तुमची पिशवी." आमच्या कागदी पिशवीवर केळीच्या पानाचा शिक्का असतो, लांबूनही ओळखू येतो. "आणि सगळ्यांचं डोकं दुखतंय. एकाचं नाही, दोघांचं नाही. तरुण, धडधाकट माणसं. दुपारी इथून जेवण घेतात, माझ्याकडून गोळ्या घेतात. आल्झो, मी अन्नतपासणीवाल्यांना कळवायच्या आधी तुम्हाला विचारायला आले."

आता मला कळलं काय झालं ते. इथे आलेलं प्रत्येक पोरगं आधी जर्मनच्या क्लासला जातं. तिथे डॉक्टरकडे जायचा एक धडा असतो. त्या धड्यात डोकं दुखतं एवढं एक सगळ्यांचं पाठ होतं, बाकी विसरतात. अपोथेकेत फ्राउ लिंडनरने विचारलं, काय होतंय, की सगळ्यांनी तेच सांगितलं. पोटसुद्धा कुणाचं दुखलं नाही. आणि गेले ते सगळे एकाच दुकानात, कारण ते ऑफिसच्या वाटेवर.

मेघना मसाल्यांच्या पिशव्या काढून दाखवायला लागली. हळद, धणे, जिरे. रांगेतली पोरं बुटांकडे बघत उभी. निखिल त्यांच्यात पुढेच होता, पण त्याला एकाएकी जर्मन येईना.

मी लाटणं ठेवलं आणि बाहेर आले.

"जेवण चांगलं आहे," मी म्हणाले. "डोकं कुणाचंच दुखत नाही. गोळ्या माझ्या."

तिने माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, हाताकडे. मग चष्मा डोळ्याला लावला.

"हा अंगठा," ती म्हणाली. "गेनाऊ, हाच. सगळ्यांनी फोनवर मला एकच फोटो दाखवला. हातात डबी, आणि हा हळदीने पिवळा, सुजलेला अंगठा. मी म्हटलं, हा कुठे पाहिलाय."

"काकू?" मेघना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज मालकिणीचा होता. "कसल्या गोळ्या?"

मी चकलीचा डबा आणून काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं. लपवायला मी चोर नव्हे. फ्राउ लिंडनर आत बघत राहिली.

"दिवसाला किती घेता?"

"पोळ्या असतील तशा."

"किती महिने?"

"महिने नाही. वर्षं."

"डब्यातल्या कागदावर लिहिलंय, डॉक्टरला न विचारता चार दिवसांच्या वर घ्यायची नाही."

"कागद लिहिणाऱ्याचा अंगठा चार दिवसच दुखत असेल."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मी तिकडे बघितलं, ते गप्प झालं. पण मी आता थांबणार नव्हते. "तुमच्या गावात दारू हवी तेवढी मिळते. ट्रॉली भरून न्या, कुणी विचारत नाही. सिगारेटचं मशीन तर रस्त्यात, भिंतीला टांगलेलं आहे. आणि मी हात चालावा म्हणून गोळी मागते, तर मला पोलिसासारखं विचारता. दुखतंय मला. तुम्हाला नाही."

ती चिडली नाही. तिने डबा बाजूला सरकवला आणि म्हणाली, "दारू मी विकत नाही. गोळी मी विकते. दारूला कोण जबाबदार ते मला माहीत नाही, गोळीला मी आहे. बीपीची गोळी घेता?"

"घेते."

"ती देणाऱ्या डॉक्टरला या गोळ्या माहीत आहेत?"

"त्याने विचारलं नाही."

"पाय दाखवा."

भर दुपारी, रांगेसमोर, मी साडी जरा वर केली. तिने वाकून घोट्यावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला, कणकेत राहतो तसा. माझ्या हातून रोज कणकेत तसे खळगे पडतात, पण माझ्या पायाला पडतो हे मी कधी बघितलं नव्हतं.

"ही गोळी आणि बीपीची गोळी, दोन्ही एकत्र वर्षानुवर्षं," ती म्हणाली, "किडनीवर बसतात. दुखत नाही, म्हणून कळत नाही. हा डबा मी घेऊन जाते."

मी डब्यावर हात ठेवला. परत तेच, डबा तिच्या हातात आणि माझा हात डब्यावर.

"तुम्ही न्याल," मी म्हणाले. "मग उद्या सकाळी मी काय करू? डॉक्टरला फोन करते तर भेटीचं टर्मिन मिळतं पुढच्या ऋतूत. बीपीची चिठ्ठीसुद्धा काउंटरवरून देतात, डॉक्टर तोंड दाखवत नाही. गोळी बंद करायला सगळे येतात. दुखणं बघायला कुणाला वेळ नाही. आधी टर्मिन, मग डबा."

"काकू, अहो," मेघना म्हणाली.

"तू गप. आधी टर्मिन."

फ्राउ लिंडनरने माझ्याकडे बघितलं. मग कोटाच्या खिशातून फोन काढला आणि तिथेच उभ्या उभ्या डॉक्टरकडे फोन लावला. मी लावते तेव्हा गाणं वाजतं. तिने लावला तेव्हा लगेच कुणीतरी बोललं. ती दोन वाक्यं बोलली, त्यात किडनी हा शब्द मला कळला.

"उद्या सकाळी, उपाशीपोटी," ती म्हणाली. "रक्त काढतील."

मी हात काढला.

डॉक्टरने रक्त बघितलं आणि सांगितलं, किडनी दमली आहे, गेलेली नाही. त्या गोळ्या बंद. बीपीची बदलली. दुखण्याची दुसरी गोळी लिहून दिली, चिठ्ठीवर, मोजून. आणि हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्याने अंगठ्याच्या सांध्यात सुई दिली आणि हाताला एक पट्टा दिला, आत कडक, अंगठा धरून ठेवणारा. हे सगळं आधीपासून होतं म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मला कुणी विचारलं नव्हतं.

दुसरी गोळी पहिलीइतकी चालत नाही. हे पण सांगते. दुखतं. कमी दुखतं, पण दुखतं.

शनिवारच्या पुरणपोळ्या मात्र माझ्या हातून लाटून झाल्या नाहीत. सुई मिळायला अजून वेळ होता. मेघना आणि निखिल लाटायला उभे राहिले. निखिलची एकही पोळी गोल नव्हती. एक तर हुबेहूब इटली झाली. मी डाव्या हातात उलथनं घेऊन तव्याशी उभी होते आणि दोघांना शिव्या घालत होते.

"काकू, फाटली."

"फाटणारच. बेअरिंग आहे का ते? हलक्या हाताने."

"मशीन घेतलं असतं तर..." मेघना म्हणाली.

"कणीक मळायचं घे. लाटायचं नाही."

तिने ते ऐकलं. कणीक आता मशीन मळतं. पोळपाटाचं टेबल तिने कापून घेतलं, माझ्या उंचीला. पट्टा बांधून मी रोज लाटते, पूर्वीपेक्षा कमी. दुपारच्या पोळ्या मेघना लाटते आणि माझ्याकडे बघत लाटते. अजून गोल नाहीत. पण पापुद्रा सुटायला लागलाय.

फ्राउ लिंडनर आता अधूनमधून जेवायला येते. तिखट कमी मागते. जाताना माझ्या घोट्याकडे एक नजर टाकते, मी मुद्दाम साडी खाली ओढते. चकलीचा डबा तिने धुऊन परत पाठवला.

मागच्या आठवड्यात निखिलचं खरंच डोकं दुखत होतं. अपोथेकेत गेला. तिने त्याला बाकावर बसवलं, पाण्याचा ग्लास दिला आणि गोळी न देता परत पाठवलं. म्हणाली, आधी काकूंना घेऊन ये. पोरगा डोकं धरून किचनात आला.

"काकू, चला ना. तिला सांगा की माझंच दुखतंय."

गेले. सांगितलं. तिने मला दोनदा विचारलं आणि मग त्याला एक डबी दिली. लहान.

माझं म्हणणं मी तिला तिथेच परत ऐकवलं. दुखणं माझं आहे, किती सोसायचं ते मी ठरवीन. ती म्हणाली, बरोबर. आणि किती गिळायचं ते किडनी ठरवील. मी पिशवी उचलली आणि निघाले. पण या वेळी आउफ वीडरझेन म्हणाले.